गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे

शहराची वाढ मोजावयाची म्हणजे डोकी मोजावयाची, असा आपला समज असतो. मुंबईपुरता तो फसवा आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर उतरली. मग परळ स्थानकात पाय ठेवावयास जागा का नसावी? याचे उत्तर जमिनीच्या वापरात आहे.

गिरणगावातील माणूस चाळीत राही आणि भोंगा झाला की पायी गिरणीत जाई. पाळ्या तीन, म्हणून गर्दीही तीन वेळांत वाटली जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागी कचेऱ्या, दुकाने आणि मनोरे आले. कचेरीतील माणूस विरार-कल्याणहून येतो, आणि सारे एकाच सुमारास येतात. रात्री निजणारी डोकी घटली, दिवसा चालणारे पाय वाढले. जनगणना डोकी मोजते. जिन्यावर भार पायांचा पडतो.

या वाढीला मोकळी जागा लागेल, हे सरकारला ठाऊक होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे ठरविले: एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. दहा वर्षांत मालक फारसे पुढे आले नाहीत. कामगारांची देणी द्यावयाची तर जमीन विकू द्या, असा युक्तिवाद झाला. तो अगदीच पोकळ नव्हता. घामाचा पैसा अडकलेल्या माणसाला मैदानाची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगावी, हा पेच आम्हा चळवळीतील माणसांपुढेही होता.

२००१ साली नियम बदलला. वाटे तीनच राहिले; पण ते सबंध जमिनीचे नव्हेत, तर फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचे!

हिशेब करून पाहू. समजा, गिरणी पंधरा एकरांची. बारा एकरांवर खाती व गोदामे, तीन एकर मोकळे. जुन्या नियमाने शहराला पाच एकर मैदान मिळते, नव्याने एकच एकर. घरांच्या जागेचेही तेच. मालकाचा वाटा मात्र पाचाचा तेरा होतो. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदललेला नियम कायम केला.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. पूल गिरण्यांच्या काळातला होता. गर्दी कचेऱ्यांच्या काळातली होती.

आता पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींची पाळी आहे. आराखड्यावर हरकती-सूचना नोंदविण्याचा अधिकार नागरिकाला १९६६ च्या नगररचना कायद्याने दिलेला आहे. तो वापरताना आधी नकाशातले रंग पाहू नयेत, व्याख्या वाचाव्यात. 'मोकळी जमीन' म्हणजे कोणती, हा एक प्रश्न वेळीच विचारला तर आपल्या नातवंडांच्या पायाखाली चार एकर अधिक माती राहील.