मेडिकेअर माटुंग्यात चालत नाही

निवृत्तीनंतर अमेरिकेतून कायमचे परतायचे ठरवताना बहुतेक जण आधी घर पाहतात, मग कराचा सल्ला घेतात आणि आरोग्यविम्याकडे सगळ्यात शेवटी वळतात. हा क्रम उलटा असायला हवा.

माटुंगा आणि अमेरिका यांचे नाते जुने आहे. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय आणि १९३३ साली सुरू झालेली, आज आयसीटी म्हणून ओळखली जाणारी यूडीसीटी या दोन्ही संस्था माटुंग्यातल्याच. थोडे पुढे परळला केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेज. इथून शिकून बाहेर पडलेले अनेक इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ आणि डॉक्टर अमेरिकेला गेले. त्यांच्यासाठी ते दार खऱ्या अर्थाने उघडले १९६५ साली. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत संपली. त्याआधी दोनच महिने, ३० जुलैला, त्यांनी आणखी एका कायद्यावर सही केली होती. तो मेडिकेअरचा.

ज्या कायद्याने ही माणसे अमेरिकेत गेली आणि ज्या कायद्याने त्यांच्या म्हातारपणाच्या आजारपणाची सोय झाली, ते दोन्ही असे एकाच वर्षातले. पण दुसऱ्या कायद्याला एक हद्द आहे आणि ती अमेरिकेच्या सीमेवर संपते.

पगारातून पैसे कापले, मग फायदा का नाही?

मेडिकेअर ही अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची आणि ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या रहिवाशांसाठीची सरकारी विमा योजना. तिचे मुख्य भाग असे. पार्ट ए म्हणजे रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च. साधारण दहा वर्षे काम करून कर भरलेल्यांना त्याचा हप्ता द्यावा लागत नाही. पार्ट बी म्हणजे डॉक्टरांची फी, तपासण्या आणि दाखल न होता घेतलेले उपचार. त्याला दरमहा हप्ता असतो. २०२५ साली तो सर्वसाधारणपणे १८५ डॉलर होता. पार्ट डी म्हणजे औषधे.

यातला कोणताही भाग भारतातल्या रुग्णालयाचे बिल भरत नाही. अपवाद आहेत, पण ते अगदी मोजके. उदाहरणार्थ, अलास्का आणि अमेरिकेचे दुसरे राज्य यांच्यामध्ये कॅनडातून थेट प्रवास करताना तातडीचा प्रसंग आला, किंवा सीमेजवळ राहणाऱ्यांना परदेशी रुग्णालयच जवळ पडले, तर. मुंबईला येऊन हृदयविकाराचा झटका आला, तर त्यात काहीही बसत नाही.

'माझ्याकडे मेडिगॅप आहे' असे काही जण सांगतात. मेडिकेअरला जोडून घेतल्या जाणाऱ्या या खासगी पूरक पॉलिसींपैकी काहींमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते. मात्र ती प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या प्रसंगापुरती. त्यातही सुरुवातीचे २५० डॉलर आपण भरायचे, उरलेल्याचे ८० टक्के कंपनी देणार आणि आयुष्यभराची कमाल मर्यादा ५० हजार डॉलर. ही पर्यटकाची सोय आहे. माटुंग्यात बिऱ्हाड थाटणाऱ्याने तिच्यावर विसंबून राहू नये.

अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या गटविम्यातल्या बहुतेक योजना परदेशातही उपचारांचा खर्च देतात. अशांनी तो विमा सोडण्याआधी दहादा विचार करावा.

पार्ट बी ठेवावा की सोडावा?

परतणाऱ्यांपुढचा खरा पेच हा आहे. जी सेवा वापरताच येणार नाही, तिचा हप्ता का भरत राहायचा? दुसरीकडे, सोडला आणि पुन्हा जावे लागले तर?

नियम असा की, पार्ट बीशिवाय गेलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पुढच्या हप्त्यात दहा टक्के दंड चढतो आणि तो पार्ट बी असेपर्यंत कायम राहतो. हिशेब करून पाहू. समजा, एका गृहस्थांनी ६७व्या वर्षी परतताना पार्ट बी सोडला आणि ७७व्या वर्षी ते मुलाकडे परत गेले. दहा वर्षांचा दंड शंभर टक्के. म्हणजे २०२५ च्या दराने १८५ ऐवजी ३७० डॉलर. पण मधल्या दहा वर्षांत त्यांचे २२,२०० डॉलर वाचले. वाढीव हप्ता वर्षाला २,२२० डॉलर. म्हणजे वाचलेले पैसे दंडात संपायला आणखी दहा वर्षे लागतील. नुसत्या पैशांच्या हिशेबात हा दंड वाटतो तितका भयंकर नाही.

खरा धोका आहे तो मधल्या रिकाम्या महिन्यांचा. सोडलेला पार्ट बी हवा तेव्हा परत मिळत नाही. एरवी त्यासाठी नोंदणी होते ती १ जानेवारी ते ३१ मार्च या काळातच आणि संरक्षण सुरू होते नोंदणीच्या पुढच्या महिन्यापासून. कुणी एप्रिलमध्ये अमेरिकेला परतले, तर जानेवारीत नोंदणी आणि १ फेब्रुवारीपासून संरक्षण. म्हणजे दहा महिने डॉक्टरांची फी खिशातून. आणि उतारवयात माणसे परत जातात ती सहसा कधी? जोडीदार गेल्यावर, नाहीतर स्वतःचे दुखणे वाढल्यावर. म्हणजे विम्याची गरज सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच.

शिवाय मेडिगॅप. ६५ पूर्ण झाल्यावर पार्ट बी सुरू होतो, तेव्हा पहिले सहा महिने कोणताही आजार असला तरी कंपनीला ही पॉलिसी नाकारता येत नाही. ती मुदत एकदा गेली, की बहुतेक राज्यांत कंपन्या प्रकृतीची चौकशी करून नकार देऊ शकतात.

म्हणून ढोबळ सल्ला असा. वर्षातले काही महिने इथे, काही तिथे राहणार असाल, किंवा मुले तिथे असल्याने शेवटी तिकडेच जाण्याची शक्यता असेल, तर पार्ट बी चालू ठेवावा. परतीचे दोर कापलेच असतील, तर सोडायला हरकत नाही. पार्ट ए मात्र बिनहप्त्याचा असेल तर सोडण्यात काहीच अर्थ नाही. खासगी कंपन्यांमार्फत मिळणारा मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन घेतला असेल, तर मुक्काम त्याच्या सेवाक्षेत्राबाहेर हलवल्यावर तो टिकत नाही, हेही लक्षात ठेवावे.

भारतातली पॉलिसी: तयारी तीन वर्षे आधी

आता इकडची बाजू. इथे गेल्या दोन-तीन वर्षांत ज्येष्ठांच्या सोयीचे बरेच बदल झाले. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक 'इर्डाई'च्या नव्या नियमांमुळे पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची जुनी चौकट उरली नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला.

याचा अर्थ सत्तरीतल्या मधुमेही माणसाला पॉलिसी मिळेलच असा नाही. कंपनी तपासण्या करून नकार देऊ शकते, हप्ता वाढवू शकते किंवा बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने भरावा, अशी अट घालू शकते. आणि मिळाली, तरी मधुमेह, रक्तदाब, हृदयातला स्टेंट यांच्याशी संबंधित खर्चासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण यांनाही स्वतंत्र प्रतीक्षा काळ असतो.

यावर उपाय एकच: घड्याळ आधी सुरू करणे. अनेक कंपन्या अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना भारतातल्या उपचारांसाठी पॉलिसी देतात. साठी-बासष्टीत, नोकरी चालू असताना, सुट्टीत मुंबईला आल्यावर तपासण्या करून पॉलिसी घेतली आणि दरवर्षी न चुकता हप्ता भरला, तर परत येईपर्यंत प्रतीक्षा काळ बराचसा सरलेला असतो. मात्र प्रस्ताव अर्जात परदेशातले वास्तव्य आणि प्रत्येक जुने दुखणे स्पष्ट लिहावे. अमेरिकेतले डिस्चार्जचे कागद आणि तपासणी अहवाल सोबत जोडावेत. 'साखर थोडी वर असते' म्हणून सोडून दिलेली ओळ पुढे दाव्याच्या आड येते.

रकमेइतकेच पोटनियमांकडेही पाहावे. खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि आपण वरच्या दर्जाची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक नाही, तर बिलातल्या इतर अनेक रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जाऊ शकतात.

सरकारी योजना आणि नागरिकत्व

सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी आयुष्मान भारत योजनेतली सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. ती आखलेली आहे भारतीय नागरिकांसाठी. ओसीआय कार्ड आयुष्यभराचा व्हिसा देते, नागरिकत्व देत नाही. अमेरिकी पासपोर्ट घेतलेल्यांनी ही योजना आपल्या हिशेबात धरू नये. ग्रीन कार्डावर राहून भारतीय पासपोर्ट ठेवलेल्यांची स्थिती वेगळी. त्यांनी मात्र हे ध्यानात घ्यावे की वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते.

विमा जे देत नाही

वृद्धापकाळातला मोठा खर्च अनेकदा रुग्णालयाबाहेरचा असतो: रोजची औषधे, फिजिओथेरपी, दिवसपाळी-रात्रपाळीच्या मावशी, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची वर्षानुवर्षांची देखभाल. अशा दीर्घकाळच्या सांभाळाचा खर्च मेडिकेअरही देत नाही आणि इथल्या नेहमीच्या पॉलिसीही देत नाहीत. त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी लागते. घरी सेवा घेणे इथे डॉलरच्या हिशेबात स्वस्त आहे, हे परतण्याचे रास्त कारण असू शकते. पण तो खर्च वर्षानुवर्षे चालतो आणि हप्त्यासारखाच वाढत जातो.

परतण्याआधीची उजळणी

• पार्ट बी ठेवायचा की सोडायचा, हे नवरा-बायकोने एकेकट्याचा विचार करूनही ठरवावे. एकाच्या पश्चात दुसरे कुठे राहणार?

• भारतातली पॉलिसी किमान तीन वर्षे आधी घ्यावी. ती नाकारली गेली, तर तेवढी रक्कम राखीव ठेवावी.

• इथल्या रुग्णालयात दाखल होताना अनामत मागितली जाते. दोघांनाही स्वतंत्रपणे वापरता येईल असे रुपयांतले खाते असावे.

• भारतातून अमेरिकेला भेटीसाठी जाताना इथली नेहमीची पॉलिसी उपयोगी पडत नाही. पार्ट बी सोडला असेल, तर प्रवास विमा घ्यावा.

• पॉलिसीचे कार्ड, औषधांची यादी, रक्तगट आणि मुलांचे फोन नंबर घरात दर्शनी जागी ठेवावेत. शेजाऱ्यांनाही ते माहीत असावेत, कारण रात्री दोन वाजता बेल वाजेल ती त्यांचीच आणि मुलांच्या घरी तेव्हा कामाची वेळ असेल.