पाण्याविना नौकानयन

गेल्या श्रावणातील गोष्ट. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर आठवीतील एक मुलगा फेफरे येऊन पडल्याचा निरोप आला आणि आम्ही तळमजल्यावरील आमच्या खोलीतून धावतच निघालो. पहिला जिना सरला. दुसऱ्याच्या मध्यावर श्वास असा काही कोंडला की कठड्याला धरून पायरीवर बसावे लागले. मागून येणारा शिपाई आम्हांस ओलांडून वर गेला. वर्गशिक्षिकेने मुलाला कुशीवर वळवून ठेवलेच होते व तो थोड्या वेळाने सावरलाही. परंतु मुख्याध्यापक जिन्यात बसून आहेत आणि मुले त्यांच्याकडे टकमक पाहत आहेत, हे दृश्य आमच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलेना. आमचे तीर्थरूप ५९व्या वर्षी हृदयविकाराने गेले; आम्ही आज ५६ वर्षांचे आहोत. हा हिशेब घरात कोणी बोलून दाखवीत नाही, पण तो सर्वांनाच ठाऊक आहे.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. हृदय ठीक निघाले. साखर थोडी वर, वजन बरेच वर, आणि गुडघे मात्र झिजू लागलेले. व्यायाम करा, पण धावू नका आणि बैठका काढू नका, असा त्यांचा सल्ला. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रा. माणिकराव यांचे नाव सांगणाऱ्या, ज्या नगरीत दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत व्यायामज्ञानकोशाचे खंडच्या खंड प्रसिद्ध केले त्या बडोद्यात राहून बैठका वर्ज्य व्हाव्यात, याचे आम्हांस वाईट वाटले. अशा वेळी आमच्या सूनबाईंनी सुचविले, "बाबा, सोसायटीच्या व्यायामशाळेत ते वल्हवायचे यंत्र धूळ खात पडले आहे. त्याच्यावर बसून व्यायाम होतो, गुडघ्यांवर भार येत नाही."

नौकानयन आणि आम्ही! विश्वामित्रीच्या काठी जन्म गेला, पण तिच्या पाण्यातील मगरींमुळे नदीत नाव घालण्याचा विचार कोणाही शहाण्या बडोदेकराच्या मनात येत नाही. यंत्रात मगरी नाहीत, एवढा एक गुण आम्हांस तत्काळ पटला.

हे यंत्र म्हणजे सुमारे आठ फूट लांबीचा एक रूळ. त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पुढच्या टोकाला पाय बांधण्याच्या पट्ट्या आणि साखळीला जोडलेली आडवी मूठ. मूठ ओढली की पिंजऱ्यातील पंख्याचे चाक फिरते आणि हवा त्याला विरोध करते. जितक्या जोराने ओढावे तितका विरोध वाढतो. म्हणून नवखा व कसलेला खेळाडू दोघेही एकाच यंत्रावर आपापल्या ताकदीने व्यायाम करू शकतात. काही यंत्रांत पंख्याऐवजी चुंबक असते, काहींत पाण्याची टाकी.

जमिनीवर वल्हविण्याची कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी खाब्रियास याने नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावर बसवून शिकविले, असे सांगतात. आजच्या यंत्राचा प्रसार झाला तो १९८१ साली अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ड्राइसिगॅकर बंधूंनी सायकलचे चाक वापरून आपले पहिले यंत्र तयार केल्यापासून. थंड देशांत हिवाळ्यात नद्या गोठतात, तेव्हा वल्हेकरी याच यंत्रांवर सराव करतात. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर दत्तू भोकनळ यांचे द्यावे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीसारख्या पाण्यासाठी तहानलेल्या गावचा, विहिरी खणण्याचे काम केलेला हा तरुण सैन्यात गेला, पुण्यात वल्हे हाती घेतले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदकही मिळविले. विहीर खणणाऱ्याच्या पाठीत आणि पायांत काय बळ असते, हे यावरून कळावे.

आमची सुरुवात मात्र फजितीची झाली. यंत्राच्या बाजूस एक ते दहा आकड्यांची झडप असते. दहा म्हणजे उत्तम, अशी परीक्षेच्या गुणांची समजूत करून घेऊन आम्ही ती दहावर नेली, छाती फुगवून दोन्ही हातांनी मूठ खेचू लागलो आणि दहा मिनिटांत घामाने निथळलो. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तीन दिवस आम्ही खुर्चीतून उठताना भिंतीचा आधार घेत होतो.

पुढे सोसायटीतच राहणाऱ्या, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका तरुण वल्हेकऱ्याने आमची चूक उलगडून दाखविली. "सर, ही झडप सायकलच्या गिअरसारखी. वर नेली की प्रत्येक फटका जड होतो, व्यायाम अधिक होतो असे नाही. तीन ते पाचावर ठेवा." दुसरी चूक याहून मोठी होती. वल्हविणे हातांचे काम आहे, ही आमची समजूतच मुळात खोटी. निम्म्याहून अधिक बळ पायांचे, त्याखालोखाल पाठीचे, हातांचा वाटा सर्वांत कमी. आमच्या सौभाग्यवती शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ओढताय कशाला? पायांनी ढकला ना!" जे आम्हांस तीन दिवसांच्या कंबरदुखीनेही उमगले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

क्रम असा. बैठक पुढे, नडग्या उभ्या, हात सरळ, पाठ ताठ आणि कमरेतून किंचित पुढे झुकलेली. प्रथम पायांनी रेटावयाचे. पाय जवळजवळ सरळ झाले की पाठ कमरेतून थोडी मागे न्यावयाची. आणि सर्वांत शेवटी कोपरे मागे घेऊन मूठ छातीच्या खाली, फासळ्यांपाशी आणावयाची. परतताना नेमके उलट: आधी हात लांब, मग पाठ पुढे, मग गुडघे वाकवून बैठक सरकू द्यावयाची. गुडघे आधी वाकविले तर मूठ त्यांवर आपटते; हा धडा आम्ही दोनदा घेतला. मराठी वाक्यात कर्ता आधी, कर्म मागून आणि क्रियापद शेवटी, तसे येथे पाय, पाठ आणि हात. आम्ही पहिल्या दिवशी क्रियापदानेच वाक्य सुरू करीत होतो. जोर जाताना लावावयाचा; येताना जाण्याच्या दुप्पट वेळ घेऊन निवांत यावे. श्वास रेटताना सोडावा. मूठ बोटांत अडकवावी, आवळू नये. आवळणाऱ्याच्या तळहाताला फोड येतात.

यंत्राच्या पाटीवर मिनिटाला किती फटके, ५०० मीटरला किती वेळ, असे आकडे उमटतात. प्रारंभी मिनिटाला १८ ते २२ फटके पुरेत. आम्ही आठवड्यातून तीन दिवस जात होतो. पहिला पंधरवडा पाच मिनिटे वल्हवून दोन मिनिटे विश्रांती, अशी तीन आवर्तने. पुढे विश्रांती कमी करीत गेलो. दीड महिन्यात सलग १५ मिनिटे साधली, तीन महिन्यांत २०. वेग एवढाच ठेवावा की शेजारच्याशी तुटक का होईना, बोलता यावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. उरलेली मिनिटे आम्ही कमाटी बागेत सावकाश चालून भरतो. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून मुठीला हात लावू नये. मध्येच छातीत दुखले वा चक्कर आली, तर तत्क्षणी थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. रविवारी सकाळी शेव-उसळ खाऊन लगेच यंत्रावर बसण्याचा प्रयोगही आम्ही केला आहे. वाचकांनी तो करण्याची आवश्यकता नाही.

वजन साडेचार किलो उतरले, ते यंत्रापेक्षा रात्रीच्या भातावर आलेल्या बंदीमुळे असावे, असे घरच्या मंडळींचे मत आहे व ते बहुधा खरे आहे. साखरेचे आकडे खाली आले, तरी डॉक्टरांनी गोळी बंद केलेली नाही. परंतु माघात गॅदरिंगच्या तालमीसाठी आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो, तेव्हा वर पोचल्यावर आपण कठडा धरला नव्हता, हे ध्यानात आले. तो मुलगा तालमीत होता. त्याची औषधे नियमित चालू आहेत आणि नाटकात त्याच्याकडे पेशव्यांच्या कारकुनाचे काम आहे.

आता आमच्या सौभाग्यवतीही येतात. आम्ही २० मिनिटांत ३५०० मीटर जातो. त्या ३००० जातात, पण त्यांचा एक फटका दुसऱ्याहून वेगळा पडत नाही. त्यांचे म्हणणे असे की लहानपणी आजोळी रवीने ताक घुसळले आहे, लय तेथूनच हाताला लागली. येत्या सुट्टीत मुलीकडे पुण्याला जाणे आहे. तेथे खरी नौका आणि खरे पाणी पाहण्याचा बेत ठरला आहे. नावेत बसण्याविषयी मात्र अद्याप घरात एकमत झालेले नाही.