पांदणीनं निवडलेली गाडी

लहानपणी आमच्या घरी माणसांसाठी दमणी होती आणि कापसासाठी बंडी. कुठल्या कामाला काय जुंपायचं हे आजोबांना कधी विचारावं लागलं नाही. पुढच्या चाळीस वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात मोटारी आल्या आणि बदलत गेल्या. त्या घेताना आजोबांचा हा साधा हिशेब मात्र आमच्या हातून सुटला.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तोवर अ‍ॅम्बॅसेडर नाहीतर फियाट, आणि त्यांच्यासाठीही नंबर लावून वाट बघायची. आम्ही एसटीनं, काळीपिवळीनं किंवा शकुंतला रेल्वेनं जायचो. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या तिच्या नॅरोगेजवर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं.

१९९८ ला डिझेलवर चालणारी इंडिका आली, २००० मध्ये बोलेरो. बोलेरो आमच्याकडे रुजली, कारण सकाळी खताची चुंगडी आणि संध्याकाळी वऱ्हाडी, दोन्ही तिच्यात मावायचे.

माझी चूक २०११ ची. त्या हंगामात कापसाला भाव चांगला मिळाला होता. नागपूरच्या साडूकडे होती तशी लांब, बुटकी, चकचकीत गाडी मी घेतली. जुलैच्या एका रात्री बाबांच्या छातीत कळ आली. शेतातल्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर पांदण. काळी माती चाकाला चढत गेली, चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसली. मग खालून दगड लागला आणि चेंबर फुटलं. बॅटरीच्या उजेडात चिखलावर ऑइल पसरताना मी बघत होतो आणि मागच्या सीटवर बाबा घामानं भिजले होते. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर आणला. ट्रॉलीत सरकीच्या रिकाम्या चुंगड्यांवर त्यांना निजवून आम्ही डांबरी गाठली. बाबा वाचले. ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो.

पुढची गाडी बघायला त्यांनाच सोबत नेलं. रंग, गाणी, स्क्रीन यांतलं त्यांनी काही विचारलं नाही. खाली बसून जमीन आणि गाडीचं पोट यांच्यामध्ये वीत लावून पाहिली. जुनी बोलेरो पसंत पडली, पण आईचे गुडघे तिथवर चढेनात. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दाराखाली पायरी लावून घेतली. आईला त्या पायरीचं फार अप्रूप वाटायचं.

२०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण उठलं. पेट्रोल-डिझेलच्या भावातलं अंतर कमी होत गेलं, तसा 'डिझेलच घ्या' हा सल्लाही मागं पडला. महिन्याला किती किलोमीटर पळणार, हे आधी मांडायला हवं. कमी पळणाऱ्या गाडीला डिझेलचा जास्तीचा पैसा वसूल होत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वणीच्या पुतणीचा फोन आला. तिला उंच एसयूव्ही हवी होती. मी तिच्या महिनाभराच्या फेऱ्या लिहून घ्यायला लावल्या. रोज वणी ते मारेगाव, डांबरी रस्ता, गाडीत दोघंच. तिनं लहान पेट्रोल गाडी घेतली आणि हप्ताही हलका बसला. पावसाळ्यात शेतावर यायचं झालं तर ती गाडी डांबरीवर उभी करते, आणि तिथून मी तिला बोलेरोत घेऊन येतो.