सैनिकांचे मनःस्वास्थ्य आणि बोधक्रीडा

युद्धाने सैनिकाच्या मनावर होणाऱ्या आघातास नाव देणे हे केवळ वैद्यकाचे कार्य नव्हे. तो भाषेचाही प्रश्न आहे. १९१५ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली. तोफगोळ्याच्या स्फोटाने व्यथा उत्पन्न होते, असा तिचा ध्वन्यर्थ होता. साहजिकच ज्याच्याजवळ गोळा फुटलाच नाही, त्याच्या दुःखास त्या नावात जागा उरली नाही. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'आघातोत्तर तणाव-विकृती' ही व्यापक संज्ञा स्वीकारली. नाव मिळाले, तथापि सैनिकाचे मौन सुटले नाही. आपण दुबळे ठरू, बढतीस मुकू, ही भीती त्याच्या ठायी कायम राहिली.

हे मौन सुटावे म्हणून बोधक्रीडांचा उपयोग होऊ शकेल काय, याचा शोध दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका संस्थेने घेतला. ही संस्था १९९९ साली अमेरिकन भूसेनेच्या साहाय्याने स्थापन झाली. तिच्या 'स्ट्राइव्ह' या उपक्रमात सैनिक युद्धभूमीवर जाण्यापूर्वीच संगणकावरील एका काल्पनिक तुकडीत वावरतो. प्रत्येक प्रसंगाच्या अखेरीस एखादी मन हादरविणारी घटना घडते. मग संगणक-निर्मित मार्गदर्शक पुढे येऊन भय, शोक, अपराधभाव यांचे स्वरूप उलगडून सांगतो व मन सावरण्याचे उपाय शिकवितो. अशा रीतीने व्यथेच्या आधीच तिचे शब्द सैनिकाच्या हाती येतात.

याच संस्थेने संगणक-निर्मित मुलाखतकारही घडविला. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांच्या एका लहान गटाने सरकारी प्रश्नपत्रिकेपेक्षा या मुलाखतकारापाशी अधिक लक्षणे सांगितली, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दुसऱ्या, मोठ्या गटात मात्र हा फरक इतका स्पष्ट आढळला नाही. म्हणून असल्या साधनास उपचार मानणे योग्य होणार नाही. ते उपचाराच्या दारापर्यंत नेणारी वाट होय. दारापलीकडे जाणते माणूस असलेच पाहिजे.

मराठीत अशी क्रीडा रचावयाची झाल्यास पारिभाषिक संज्ञांचे भाषांतर पुरेसे पडणार नाही. 'तणाव-विकृती' म्हटल्याने मराठी जवान बोलू लागेलच असे नाही. 'झोप लागत नाही', 'उगाच दचकतो', 'घरात मन रमत नाही' ही त्याच्या घरची भाषा होय. क्रीडेतील मार्गदर्शकाने तीच बोलली पाहिजे; कारण स्वतःच्या शब्दांत सांगता येणारे दुःखच मदतीपर्यंत पोहोचते.