न विचारलेला प्रश्न

एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर १९९३ ते २००४ या काळात 'फ्रेझर' ही विनोदी मालिका चालली. तिचे २६४ भाग झाले. सिअ‍ॅटल शहरातला मानसोपचारतज्ज्ञ फ्रेझर क्रेन रेडिओवरून लोकांना सल्ले देतो. त्याचा धाकटा भाऊ नाइल्सही मानसोपचारतज्ज्ञच. गोळी लागल्यामुळे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले वडील मार्टिन फ्रेझरच्याच घरी राहतात आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला डॅफ्नी मून ही इंग्रज तरुणी त्याच घरात मुक्कामाला असते. अकरा हंगामांत या माणसांच्या प्रेमात इतके घोळ झाले, की मालिकेला फार्स म्हणून हातावेगळं करणं सोपं आहे. बबन प्रभूंच्या नाटकांमुळे फार्स म्हणजे काय हे मराठी प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही: दारं उघडतात, चुकीची माणसं आत येतात आणि लपवालपवीला ऊत येतो. 'फ्रेझर'मध्येही हे सगळं आहे. पण इथले घोळ योगायोगाने सुरू झाले तरी योगायोगावर टिकत नाहीत. ते टिकतात, कारण प्रत्येकाने मनात मांडे खाल्लेले असतात आणि ते मोडेल असा प्रश्न कुणीच विचारत नाही.

१९९८ सालचा 'द स्की लॉज' हा भाग याचा सर्वांत भक्कम पुरावा. जो कीनन या लेखकाने तो घड्याळजीच्या काटेकोरपणे रचला आहे. बर्फाळ डोंगरातल्या बंगल्यात सगळे सुट्टीला जमतात. फ्रेझरला डॅफ्नीची मैत्रीण अ‍ॅनी हवी आहे, अ‍ॅनीला नाइल्स, नाइल्सला डॅफ्नी, डॅफ्नीला स्कीइंग शिकवणारा फ्रेंच तरुण गी आणि गीला पुन्हा नाइल्स. रात्र पडते आणि आतून एकमेकींना जोडलेल्या खोल्यांमधून येरझाऱ्या सुरू होतात. यावर आक्षेप असा, की सगळा डोलारा मार्टिनला नीट ऐकू न येण्यावर उभा आहे. त्यांचे कान बंद झाले नसते तर गोष्टच घडली नसती. हे अर्धंच खरं आहे. चुकीचं ऐकण्याला क्षणभर लागतो, पण गैरसमज रात्रभर टिकतो. त्या वेळात कुणीही कुणाला सरळ विचारू शकलं असतं. कुणी विचारत नाही, कारण मिळालेली माहिती ज्याला त्याला सोयीची असते. उलटतपासणी करावी अशी इच्छाच कुणाला नसते. सगळा उलगडा झाल्यावर फ्रेझरच्या लक्षात येतं, की इतक्या सगळ्या ओढाताणीत आपल्या मागे मात्र कुणीच नव्हतं. प्रेक्षक हसतो, पण फ्रेझरला झालेलं दुःख खरं आहे, आणि लेखकाने ते पुसायचा प्रयत्न केलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९९४ च्या 'द मॅचमेकर' या भागात फ्रेझर रेडिओ केंद्राच्या नव्या व्यवस्थापकाला, टॉमला, डॅफ्नीसाठी स्थळ म्हणून जेवायला बोलावतो. टॉम समलिंगी आहे आणि बोलावणं आपल्यासाठीच आहे, असं तो समजतो. मग हा विनोद समलिंगी माणसाच्या जिवावर नाही का? भाग नीट पाहिला तर उत्तर मिळतं. टॉम कुठेही हास्यास्पद होत नाही. तो एकटा आहे का याची चौकशी झाली, घरी आमंत्रण मिळालं. त्याने काढलेला निष्कर्ष कुणीही काढला असता. आंधळा ठरतो तो फ्रेझर. माणसं ओळखणं हा ज्याचा व्यवसाय, त्याला समोरच्याचा आनंद वाचता येत नाही, कारण जुळवाजुळव करण्यातल्या स्वतःच्या हुशारीवर तो खूश असतो.

फार्सचा वेग काढून घेतला तरी हाच नियम लागू पडतो. १९९६ च्या 'मून डान्स'मध्ये नाइल्स आणि डॅफ्नी एका समारंभात टँगो नाचतात. नाचता नाचता ती प्रेमाची कबुली देते. बघणाऱ्या लोकांसाठी ती नाटक करते आहे आणि तोही तेच करतो आहे, अशी तिची समजूत. त्याला मात्र ते अक्षरशः खरं वाटतं. इथे दार नाही, लपणं नाही, बहिरेपण नाही. आहे ती फक्त एका माणसाची इच्छा, आणि तिच्यामुळे झालेला घात पाहताना हसू आवरतं घ्यावं लागतं.

आजचा प्रेक्षक आणखी एक शंका काढतो: नाइल्सने भावाच्या घरी काम करणाऱ्या स्त्रीवर वर्षानुवर्षं मूक प्रेम करत राहणं गोड म्हणायचं का? शंका रास्त आहे. सुरुवातीच्या हंगामांत डॅफ्नीला काहीच माहीत नसल्याने तिच्या मताला जागाच नव्हती, हे मान्य करायला हवं. ही उणीव भरून निघते सातव्या हंगामात. पाठदुखीच्या औषधाच्या गुंगीत फ्रेझरच्या तोंडून नाइल्सचं गुपित डॅफ्नीसमोर निघून जातं आणि तिथून जाणणारी ती होते, अजाण नाइल्स. निर्णयही मग तिच्या हाती येतो. तिचं डॉनी नावाच्या माणसाशी लग्न ठरलेलं, नाइल्सने नुकतंच मेल नावाच्या बाईशी लग्न केलेलं. २००० साली हंगामाच्या शेवटी दोघं सगळं सोडून निघून जातात. त्यानंतर मालिकेची धार कमी झाली असं बरेच जण म्हणतात. मलाही ते पटतं, कारण न विचारलेला सर्वांत मोठा प्रश्न एकदाचा विचारून झाला होता. पण लेखकांनी त्याची किंमत वसूल केली. डॉनी कोर्टात गेला, आणि घटस्फोट हवा असेल तर काही काळ चारचौघांत सुखी नवरा म्हणून वावर, अशी अट मेलने नाइल्सला घातली.