कामाचा फोटो : अंतर, उजेड आणि आपला चेहरा

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? फोटो तर आपण रोजच काढतो. पण कामासाठी लागणारा फोटो, म्हणजे लिंक्डइनवर, कंपनीच्या वेबसाइटवर किंवा एखाद्या परिषदेच्या पत्रिकेत छापायला लागतो तो फोटो मागितला, की निम्मे लोक काय पाठवतात? भाच्याच्या लग्नातला, शेजारच्या माणसाला कापून काढलेला. खांद्यावर त्या माणसाची चार बोटं अजून तशीच असतात. उरलेले पासपोर्टचा फोटो पाठवतात.

पासपोर्टचा फोटो वाईट नसतो, त्याचं काम वेगळं असतं. चेहरा मोजता यावा, ओळख पटावी, म्हणून तिथं उजेड सपाट, हसू नाही, सावली नाही. कामाच्या फोटोनं करायचं ते एवढंच, की जो माणूस तुम्हाला कधी भेटलेला नाही त्याला वाटावं, यांना फोन करायला हरकत नाही. आणि भेटल्यावर वाटावं, हो, हेच ते.

हे किती भरभर ठरतं? अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि तोदोरोव्ह यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच दाखवला, तरी लोक विश्वासू, हुशार, चिडका असा शिक्का मारून मोकळे होतात, आणि जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदलत नाही. पुढं 2014 साली तोदोरोव्ह आणि पोर्टर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती आमच्या धंद्याला जास्त लागू आहे. एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो दाखवले, की त्याच्याबद्दलची मतंही वेगवेगळी होतात. म्हणजे लोक ज्याला तुमचा स्वभाव समजतात, त्यातला बराचसा भाग त्या दिवशीचा फोटो असतो. हे अन्यायाचं आहे, पण आहे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. फोटो बिघडवणारी पहिली गोष्ट म्हणजे अंतर. कॅमेरा किती महाग आहे हा प्रश्न नंतरचा. लोक म्हणतात, 'माझं नाक फोटोत मोठं येतं.' नाक तेवढंच असतं, फोन जवळ असतो. हिशेब करून बघा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण 12 सेंटिमीटर धरू. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर. कानाच्या मानानं नाक जवळजवळ दीडपट मोठं दिसणार. तोच कॅमेरा दीड मीटरवर न्या, नाक 150 वर, कान 162 वर. फरक आठ टक्क्यांचा उरतो. प्लास्टिक सर्जरीच्या एका अमेरिकी नियतकालिकात 2018 साली हाच हिशेब आला होता: 12 इंचांवरच्या सेल्फीत नाकाची रुंदी 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त दिसते. नाक बारीक करून घ्यायला लोक सेल्फी दाखवत डॉक्टरांकडे जातात, म्हणून त्यांना हे लिहावं लागलं.

तर उपाय काय? सेल्फी नको. दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करा, फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर 2x किंवा 3x लावा, आणि फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. आम्ही स्टुडिओत 85 ते 105 मिलिमीटरची लेन्स वापरतो ती याचसाठी: ती लावली की छायाचित्रकाराला आपोआप मागं सरकावं लागतं.

दुसरी गोष्ट उजेड. ऑफिसातला उजेड छतावरून येतो. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि दोन रात्री झोप न झालेला माणूस तयार होतो. छतावरचे दिवे सरळ बंद करा आणि खिडकीपाशी या. खिडकीकडे थेट तोंड नको. खिडकी समोर पण थोडी बाजूला राहील असं उभं राहा. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर हलकी सावली, आणि डोळ्यांत खिडकीचा एक पांढरा ठिपका. तो ठिपका नसेल तर डोळे विझलेले दिसतात. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. स्टेशनरीच्या दुकानात मिळते, आणि सिनेमावाल्यांनीसुद्धा वर्षानुवर्षं त्यावर काम काढलेलं आहे.

पुस्तकात उत्तरेची खिडकी घ्या असं लिहिलेलं असतं, कारण तिथून थेट ऊन येत नाही. पण ती पुस्तकं युरोपातली. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन त्याच खिडकीतून आत येतं. तेव्हा पांढरा पडदा लावा, भागतं.

आता जरा नाजूक विषय. कॅमेऱ्याचं उजेड मोजणं एका गृहीतकावर चालतं, की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे. पांढरी भिंत आणि पांढरा शर्ट समोर आला, की कॅमेरा घाबरून सगळंच गडद करतो, आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. मग एडिटिंगला बसलेला मुलगा चेहरा उचलतो, उचलता उचलता गोरा करतो. फिल्मच्या काळात याहून वाईट होतं. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड असायचं, 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या त्वचेवर रंग बरोबर आला की झालं, बाकीच्यांचं नशीब. आज असं करायचं काही कारण नाही. पार्श्वभूमी मध्यम करडी किंवा गडद निळी घ्या, फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड चेहऱ्यासाठी ठरवा. 'थोडं गोरं करा' ही मागणी आमच्याकडे अजूनही येते, बऱ्याचदा माणसापेक्षा त्याच्या घरच्यांकडून. आम्ही शांतपणे नाही म्हणतो आणि नीट उजेडात काढलेला मूळ फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवतो. बहुतेक वेळा मागणी तिथंच संपते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. बारीक चौकड्या आणि अगदी जवळच्या रेघा टाळा, स्क्रीनवर त्यांच्या लाटा दिसतात. साडी असेल तर पदर खांद्यावर पिन करून घ्या. चष्मा रोज लावत असाल तर फोटोतही हवाच. काच चमकली तर दिवा वर करा किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून पाव इंच उचला.

हावभाव सगळ्यात अवघड. 'स्माइल प्लीज' म्हटलं की ओठ हसतात, डोळे तसेच राहतात. दुशेन नावाच्या फ्रेंच वैद्यानं 1862 सालीच लिहून ठेवलं, की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो आणि तो मनात आणून हलवणं कठीण. म्हणून हसा म्हणू नका, बोलत राहा. आम्ही 'पहिला पगार किती होता?' असं विचारतो. आकडा सांगून झाल्यावर जे हसू येतं ते घ्यायचं. मान मात्र सांगावी लागते: कासवासारखी जरा पुढं काढा आणि हनुवटी किंचित खाली. समोरून ते विचित्र वाटत नाही, आणि दुहेरी हनुवटी जाते.

हसलंच पाहिजे असंही नाही. यूसुफ कार्श यांनी 30 डिसेंबर 1941 रोजी ओटावात चर्चिल यांचा फोटो घेतला, तेव्हा पुढं होऊन त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला होता. तो वैतागलेला चेहरा युद्धकाळातला चेहरा म्हणून जगभर गेला. तुमच्या हिशेबतपासनीसानं हा प्रयोग करू नये, एवढंच.

मग निवड. स्वतःचा फोटो स्वतः निवडू नका. आपण आपल्याला आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलट. 1977 सालच्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो आवडला, आणि त्यांच्या मित्रांना सरळ. ऑस्ट्रेलियातल्या 2017 च्या अभ्यासात तर अनोळखी लोकांनी निवडलेले फोटो, माणसानं स्वतः निवडलेल्यांपेक्षा बघणाऱ्यांवर चांगला परिणाम करणारे निघाले. चार फोटो बाजूला काढा, घरच्यांना सोडून दोन सहकाऱ्यांना दाखवा, आणि अंगठ्याच्या नखाएवढे करून दाखवा, कारण फोनवर ते तेवढेच दिसणार आहेत, तेही गोलात कापलेले.

आता प्रश्न आलेत, ते घेऊ.

'एआयनं बनवलेला फोटो चालेल का?' कोट-टाय छान येतो, मान्य. पण ते यंत्र सरासरीकडे ओढतं. गालावरचा व्रण जातो, दात सरळ होतात. मुलाखतीला दारातून आत आलेला माणूस दुसराच वाटला, तर पहिली दोन मिनिटं त्या धक्क्यातच जातात. आमचा नियम साधा आहे: दोन आठवड्यांत आपोआप जाणारं असेल, पुटकुळी, दाढी करताना कापलेलं, ते काढायचं. तीळ, व्रण, सुरकुत्या राहतात.

'कंपनीनं काढलेला फोटो नोकरी सोडल्यावर वापरता येतो का?' चांगला प्रश्न. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क त्या काढून घेणाऱ्याचा. म्हणजे कंपनीनं पैसे दिले असतील तर साधारणपणे कंपनीचा. तुमचा नाही, आणि छायाचित्रकाराचाही नाही. तेव्हा फोटोच्या दिवशीच एचआरकडून एक ओळ ईमेलवर घेऊन ठेवा, की हा फोटो मी माझ्या प्रोफाइलला पुढंही वापरीन.

'किती वर्षांनी बदलावा?' वर्षं मोजू नका. नवा माणूस रिसेप्शनवर तुम्हाला शोधत तुमच्या शेजारून निघून गेला, तर बदला. आणि केस रंगवणं थांबवलंत, तर त्याच महिन्यात.