भिंतीतली ओल, नाकातली सर्दी

नजला हा आमच्या घरांतला जुना शब्द. नाक चोंदलेलं, डोकं जड, घशात सतत काहीतरी उतरतंय, हे सगळं त्या एका शब्दात मावायचं. आता लोक म्हणतात, ‘मला सायनस आहे.’ खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांच्या हाडांत, डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या मागे खोलवर हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत, त्यांचं ते नाव. त्यांच्या अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस आतला चिकट स्राव नाकाकडे ढकलत असतात. अस्तर सुजलं की पोकळीचं बारीक तोंड बंद होतं आणि स्राव तुंबतो. हा त्रास १२ आठवड्यांहून अधिक टिकला, तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

आता आपल्या पालघर-बोईसरचा पावसाळा पाहा. कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, भिंतींचे पोपडे सुटतात. कारखान्यांत कामाला आलेली माणसं एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. स्वयंपाक तिथंच, ओले कपडेही तिथंच दोरीवर. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यमापनात तिचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक होता. रात्री उग्र वास आला की माणूस खिडकी लावून घेतो. मग ओल आतच कोंडते, आणि ओल म्हणजे बुरशीचं खाद्य.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात नाकाचे त्रास, खोकला, धाप आणि दमा यांचं प्रमाण वाढतं, असं तिचं सांगणं. मात्र प्रत्येक दुखण्याचं खापर बुरशीवर फोडू नये. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, निरोगी माणसाच्या नाकातही सापडतात. त्रास होतो तो मुख्यतः ज्यांना ॲलर्जी किंवा दमा आहे, त्यांना.

जुनाट सायनस नाकापुरता राहत नाही. नाक बंद म्हणून झोप तुटते, झोप नाही म्हणून दिवसभर थकवा. पाळीवर जाणाऱ्याला हे परवडत नाही. वास येईनासा होतो, जेवणाची चव जाते. नाक आणि फुप्फुस एकाच वाटेवर असल्याने दमाही बळावतो.

२०२१च्या ‘काळ्या बुरशी’ची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे. तो म्युकरमायकोसिस निराळा. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर यांमुळे तो कोविडच्या रुग्णांत फोफावला. काळा रंग मेलेल्या ऊतींचा, भिंतीवरच्या डागांशी त्याचा संबंध नाही. पण मधुमेह असताना चेहरा बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, किंवा कुणाच्याही डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

एरवी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं गुणकारी. योगात जलनेती आहे, वजू करतानाही नाकात पाणी घेतात. मात्र सायनस धुण्यासाठी पाणी उकळून थंड केलेलंच हवं, नळाचं थेट नको. दुकानातून मनानेच अँटिबायोटिक आणू नये. १२ आठवडे उलटले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

आणि भिंत? तिच्यावर दिवाळीत रंग मारून भागत नाही. पुढच्या पावसात डाग पुन्हा वर येतो. छताची गळती, फुटका नळ, मोरीतून झिरपणारं पाणी आधी थांबवायला हवं. भिजलेली गादी दोन दिवसांत वाळली नाही, तर तिचा मोह सोडावा. चुलीचा धूर आणि वाफ बाहेर जायला वाट ठेवावी, हवा बरी असेल तेव्हा खिडकी उघडावी. भाड्याच्या खोलीत यातलं बरंचसं घरमालकाच्या हाती असतं. तेव्हा त्याच्याकडे मागणी करायचीच, तर रंगाची नको, गळती काढण्याची करा.